अँटिगनी वाचायची तर पर्सियसवर वाचा

ग्रीक शोकांतिका शिकायच्या म्हटलं की आपण आधी कोर्स शोधतो. माझा सल्ला वेगळा आहे. आधी पर्सियस डिजिटल लायब्ररी उघडा. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाची ही साइट. पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. आमच्या हौशी मंडळाने सोफोक्लीझचं ‘अँटिगनी’ वाचायला घेतलंय, दिग्दर्शन माझ्याकडे आहे आणि तालमीची बहुतेक तयारी मी याच साइटवर करते. नाटकाची गोष्ट थोडक्यात अशी: राजा क्रेऑन अँटिगनीच्या भावाला देशद्रोही ठरवून त्याचं प्रेत पुरायला बंदी घालतो, आणि अँटिगनी ती बंदी मोडते.

मधे मूळ ग्रीक संहिता, उजवीकडे ग्रीकचे अभ्यासक रिचर्ड जेब यांचं इंग्रजी भाषांतर आणि त्यांच्याच टीपा. ग्रीक शब्दावर क्लिक केलं की त्याचं व्याकरण आणि कोशातला अर्थ समोर येतो. मला ग्रीक येत नाही, तरी अडत नाही. पण खरी किंमत आहे ती एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात जाता येतं याची.

उदाहरण देते. क्रेऑन करणारा आमचा नट त्याला पहिल्या वाक्यापासून खलनायक करत होता. मायदेशापेक्षा मित्राला मोठं मानणारा माणूस माझ्या लेखी शून्य, असं क्रेऑन आल्या आल्या म्हणतो. आपल्याला त्यात हुकूमशहा ऐकू येतो. आता याच साइटवर अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस याचं इ.स.पू. ३४३ मधलं, त्याचा राजकीय प्रतिस्पर्धी एस्किनीझविरुद्धचं भाषण उघडा. एस्किनीझ पूर्वी नट होता, क्रेऑनची भूमिका करायचा. डेमॉस्थेनीस क्रेऑनच्या याच ओळी भर न्यायालयात वाचून घेतो, आदर्श म्हणून! शिवाय देशद्रोह्याला अॅटिकाच्या (अथेन्सच्या प्रदेशाच्या) भूमीत पुरायचं नाही, हा अथेन्सचाच कायदा होता. म्हणजे समोरच्या प्रेक्षकाला क्रेऑनचं म्हणणं बरंचसं पटणारं होतं. तो घसरतो ते पुढे: प्रेत कुत्र्यागिधाडांपुढे टाकतो आणि जिवंत अँटिगनीला थडग्यात कोंडतो. हे वाचून झाल्यावर आमच्या क्रेऑनचा आवाज खाली आला. प्रसंग कितीतरी भयंकर झाला.

अँटिगनीच्या बाजूनेही असंच. ९०४ ते ९२० या ओळींत, मरायला निघालेली ती म्हणते की नवरा किंवा मूल असतं तर मी हा कायदा मोडला नसता. नवरा दुसरा मिळेल, मूल दुसरं होईल, पण आईबाप गेल्यावर भाऊ कुठून आणू? देवांच्या अलिखित नियमांसाठी उभी राहिलेली मुलगी असं बोलेल? जेब टीपेत स्पष्ट लिहितात की यातला गाभा सोफोक्लीझने लिहिला असेल यावर त्यांचा विश्वास बसत नाही. तिथून ग्रीक इतिहासकार हेरोडोटसकडे जा. त्याच्या तिसऱ्या ग्रंथात इंटाफर्नीझ या सरदाराची बायको पर्शियाचा राजा दरायस याच्यापुढे अगदी हाच युक्तिवाद करते आणि भावाचे प्राण मागते. मग अॅरिस्टॉटलचं वक्तृत्वावरचं ‘ऱ्हेटरिक’ पाहा. त्यात या ओळी अँटिगनीच्या म्हणूनच उद्धृत आहेत, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकात त्या नाटकात होत्या.

जेब यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, पण या ओळी मी गाळणार नाही. इथे ती तत्त्वाची मूर्ती राहत नाही, एका विशिष्ट भावाची बहीण होते. (आणि स्वतःला घराण्यातली शेवटची म्हणवताना तिला जिवंत बहीण इस्मिनी आठवतसुद्धा नाही, हेही विसरू नका.)

उणिवाही सांगते. भाषांतर १८९१ चं आहे. अर्थ नेमका कळतो, पण नटाच्या तोंडी बसत नाही. कोरस (नाटकातला गाणारा समूह) कसा नाचायचा, तीन नटांत सगळ्या भूमिका कशा वाटल्या जायच्या, यासाठी दुसरं पुस्तक लागेल. आणि फोन नको, लॅपटॉपच घ्या. संहिता आणि टीपा शेजारी शेजारी दिसायला हव्यात.

नव्याने येणाऱ्यांनी ४४१ व्या ओळीपासून सुरुवात करावी. तिथे क्रेऑन आणि अँटिगनी समोरासमोर येतात. ५२५ पर्यंत एका बैठकीत वाचा आणि टीपा दुसऱ्या वाचनालाच उघडा.