एल्कसाठी ३०-०६ च का? अख्खा सीझन वापरल्यावरचा अनुभव

आधीच सांगतो, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचं आणि त्यासाठी घेतलेल्या ३०-०६ काडतुसाच्या रायफलीचं हे सगळं अमेरिकेतलं, कोलोराडोतलं आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून हौसेची शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी या मताचा मी आहे, तेव्हा त्यावरून वाद नको. इथे कोलोराडोत लायसन्स, टॅग (एक जनावर मारायचा परवाना), सीझनच्या तारखा सगळं राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, आणि १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स झाल्याशिवाय लायसन्स देत नाहीत.

वसंतात रायफल घेतली, उन्हाळाभर रेंजवर चालवली आणि मग मीकरच्या बाजूला एल्कच्या मादीच्या टॅगवर नेली. साधी बोल्ट अ‍ॅक्शन (दर बारानंतर हाताने बोल्ट ओढून पुढचं काडतूस भरायची), स्कोपसकट साडेतीन किलोच्या आसपास. कंपनी कुठली ते लिहीत नाही कारण लोक मला विचारतात ते कॅलिबरबद्दल, म्हणजे गोळीची जाडी आणि काडतुसाचा प्रकार याबद्दल. दुकानातला पोऱ्या म्हणाला ६.५ क्रीडमूर घ्या, त्याच्या शेजारचा दाढीवाला म्हणाला एल्क म्हणजे ३०० विन मॅगच, खाली काही नाही. मी घेतली ३०-०६. त्यातलं ०६ म्हणजे १९०६, अमेरिकन लष्कराने हे काडतूस घेतलं ते साल, म्हणून तरुण पोरं हसतात, आजोबांचं कॅलिबर म्हणतात. हसू देत.

कायद्याचं म्हणाल तर कोलोराडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात), ८५ ग्रेनची (साधारण साडेपाच ग्रॅमची) गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड (गोळीच्या दणक्याचं माप) ऊर्जा एवढंच लागतं. म्हणजे दुकानात बिग गेम म्हणून जे मांडलेलं असतं त्यातलं जवळपास सगळंच चालतं. अनुभवी लोक एल्कसाठी १५०० चा आकडा धरतात, ते ठीक वाटतं, कारण मोठा नर सव्वातीनशे किलोच्या घरात जातो आणि मादी सव्वादोनशेच्या. ३०-०६ तीनशे यार्डांवरसुद्धा त्या आकड्याच्या आरामात वर असतं, आणि चांगली गोळी असेल तर ६.५ सुद्धा तिथवर पोचतं. मग ३०० विन मॅग कशाला? ज्यांना चारशे-पाचशे यार्डांवर बार काढायचाय आणि त्यासाठी वर्षभर सराव करायची तयारी आहे त्यांना. मला तीनशेच्या पुढे मारायचंच नव्हतं.

आता खांद्याचं. हे कागदावर कळत नाही. सारख्या वजनाच्या रायफलीत ६.५ च्या दीडपटीहून थोडा जास्त धक्का ३०-०६ देतं, आणि ३०० विन मॅग दुपटीच्या आसपास जातं. धक्का दुखतो हा भाग वेगळा, खरा घोळ असा की शरीर तो लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो. रेंजवर यासाठी एक झकास युक्ती आहे, मित्राला मॅगझिन भरायला सांगायचं, खऱ्या काडतुसांत एक-दोन डमी (न उडणारी खोटी काडतुसं) घालायला सांगायच्या आणि आपण बघायचं नाही. डमीवर नुसतं टिक होतं आणि त्या क्षणी नळीचं टोक काय करतं ते सगळ्यांना दिसतं. ३०० विन मॅगवाले चांगले दणकट गडी बघितलेत, टिक झालं की नळी दोन बोटं खाली! हे एल्कवर झालं तर फुप्फुसाऐवजी पोटात, आणि मग दिवसभर रक्ताचा माग काढत फिरा, जनावराचे हाल होतात ते वेगळेच. ३०-०६ वर माझी नळी जुलैपर्यंत जागेवर राहायला लागली, तीही बेंचवरून उठून गुडघ्यावर आणि काठीच्या आधाराने मारायला लागल्यावर. बेंचवर बसून धक्का जास्तच लागतो, त्यावरून कॅलिबरला नावं ठेवू नका.

झीरो, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर, दोनशे यार्डांवर ठेवला. त्याने शंभरला गोळी दीड-दोन इंच वर लागते आणि तीनशेला सात-आठ इंच खाली, एवढं पाठ केलं की टर्रेट (स्कोपवरचं नेम वरखाली करायचं चक्र) फिरवत बसायची गरज नाही.

कॅलिबरवर लोक तासन् तास भांडतात आणि गोळीवर दोन मिनिटं देत नाहीत हे मला पटत नाही. मी १६८ ग्रेनची, म्हणजे जेमतेम ११ ग्रॅमची, सबंध तांब्याची गोळी वापरली. शिशाची साधी गोळी आत गेल्यावर फुटते आणि तिचे बारीक कण मांसात पसरतात, आणि ते मांस माझी पोरं खाणार असतात. मागे टाकलेली आतडी गरुड-गिधाडं खातात त्यांनाही तेच शिसं बाधतं, कॅलिफोर्नियाने तर कंडोर या दुर्मिळ गिधाडाच्या काळजीतून सुरुवात करून २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंदच केल्या. तांबं महाग आहे, वीसचा बॉक्स साठ डॉलरच्या आजूबाजूला, म्हणून सराव बराचसा स्वस्त काडतुसांवर केला आणि सीझनआधी तांब्यावर झीरो परत तपासला. तपासाच, तीच रायफल दुसरी गोळी भलतीकडे मारते.

मादी मिळाली ती साधारण दोनशे यार्डांवर, पहाटे, अ‍ॅस्पेनच्या कडेला, किंचित तिरकी उभी. बार झाला, ती दचकली, पंचवीस-तीस पावलं चालली आणि मागचे पाय आधी बसले. सोलताना पलीकडच्या खांद्याच्या कातडीखाली बोटाला गुठळीसारखं लागलं, सुरीच्या टोकाने चिरलं तर गोळी. चार पाकळ्या मागे वळलेल्या, एका पाकळीत केस अडकलेले. मित्राकडे काडतुसं भरायचा काटा आहे त्यावर ठेवली तर १६५ ग्रेनच्या जवळ भरली, म्हणजे तीन ग्रेनसुद्धा नीट गमावले नव्हते. अलीकडचा खांदा शाबूत, मांस अगदी थोडं खराब झालं. मावशीच्या पद्धतीने भाजल्या खोबऱ्याच्या वाटपात सुकं केलं, चरबी जवळजवळ नसते म्हणून तेल जरा सढळ हाताने घालावं लागतं.

३०-०६ चा आणखी एक फायदा असा की काडतूस कुठेही मिळतं. डोंगरातल्या छोट्या गावात पेट्रोल पंपाला लागून जे हार्डवेअरचं दुकान असतं तिथे नवीन फॅशनचं काही नसेल, पण ३०-०६, ३०८ आणि २७० हमखास असतं. विमानात बॅग हरवली तरी सीझन वाया जात नाही. ३०८ घेतलं असतं तरी चाललं असतं हेही सांगतो, ते १९५२ चं, काडतूस आखूड, धक्का थोडा कमी, दोनशे यार्डांवर एल्कला फरक कळणार नाही. मला १८० ग्रेन आणि वरच्या जड गोळ्यांची सोय हवी होती, पुढेमागे मूसचा (एल्कहून मोठ्या हरणाचा) टॅग लागला तर. आफ्रिकेत म्हशीबिशीच्या मागे जाणाऱ्यांचं गणित निराळं, तिथे बऱ्याच देशांत ३७५ च्या खाली परवानगीच नाही.

तक्रार एकच, रायफल हलकी असल्याने चढावर सुख आणि बार काढताना दुःख. नळीला मझल ब्रेक (टोकाला लावायची भोकांची टोपी) लावा म्हणतात, धक्का कमी होतो खरा, पण आवाज एवढा बाजूला फेकतो की शेजारच्याचे कान जातात. मी त्याऐवजी जाड रबरी पॅड लावला.

६.५ क्रीडमूरला मी कमी लेखत नाही. होर्नाडीने २००७ मध्ये ते टार्गेटसाठी काढलं, पण त्याच जाडीच्या ६.५ बाय ५५ ने स्वीडन-नॉर्वेत पिढ्यान् पिढ्या मूस मारलेत. बायको पुढच्या सीझनला येते म्हणाली आहे, तिच्यासाठी तेच घेणार. दुकानात तिने खांद्याला लावून बघितली, दस्ता लांब पडतो, स्कोपमध्ये डोळा बसत नाही, तेवढा दस्ता कापून आखूड करून घ्यायचाय.