पोटात टॅग, पाठीमागे बास: सात महिने सॅमनला टॅग घातल्यानंतर

फेब्रुवारी ते ऑगस्ट अमेरिकेत स्नेक नदीवर चिनूक सॅमनच्या पिल्लांना टॅग घालत होतो, समुद्राकडे जाताना त्यांचं काय होतं ते कळावं म्हणून. रत्नागिरीत मासे शिकलेल्या माणसाला सॅमन म्हटलं की आधी रावस आठवतो, कारण इंग्रजीत त्याला 'इंडियन सॅमन' म्हणतात. दोघांचं नातंगोतं काही नाही. आई अजून फोनवर विचारते, "काय रे, रावस किती पकडलेस आज?"

पिट टॅग, म्हणजे पोटात बसवायचा आणि यंत्राने वाचायचा नंबर, त्याबद्दल तक्रार नाही. 12 मिलिमीटरची काचेची कुपी, 0.1 ग्रॅम, बॅटरीच नाही, त्यामुळे संपायचा प्रश्न नाही. तीन वर्षांनी तोच मासा मोठा होऊन धरणाची मत्स्यशिडी चढतो तेव्हाही नंबर वाचता येतो. पण मासा वाचकयंत्राच्या अगदी जवळून गेला तरच. दोन धरणांच्या मधे तो काय करतो ते याला कळत नाही.

ते कळायला आवाज करणारा टॅग लागतो. आमचा 0.3 ग्रॅमचा होता, दर तीन सेकंदांनी 416.7 किलोहर्ट्झवर टिकटिकणारा, आणि तो ऐकायला पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, लावलेले. पिल्लाला भूल द्यायची, उलटं झालं की पाळण्यात ठेवायचं, कल्ल्यांवरून नळीने पाणी सोडत राहायचं, पोटाला छेद, टॅग आत, दोन टाके. हात बसला की मिनिट-दोन मिनिटांचं काम. पहिल्या पेटीतले काही टॅग मुकेच निघाले. पुरवठादाराने बदलून दिले, पण तोवर दोन दिवस गेले. तेव्हापासून टॅग पोटात जाण्याआधी प्रत्येकाची टिकटिक ऐकायची सवय लागली.

आता मुद्द्याचं, पोहण्याचं. या कामात 2 टक्क्यांचा नियम सगळ्यांना पाठ असतो: टॅगचं वजन माशाच्या वजनाच्या 2 टक्क्यांवर जाऊ नये. 0.3 ग्रॅम म्हणजे मासा किमान 15 ग्रॅमचा हवा. आमची उन्हाळी पिल्लं आठ-दहा ग्रॅमची. आठ ग्रॅमच्या पिल्लात दोन्ही टॅग घातले तर भार 5 टक्के. पासष्ट किलोच्या माणसाच्या हिशेबाने सव्वातीन किलो, तेही पाठीवर नाही, पोटात. उलट 1999 मध्ये इंद्रधनुषी ट्राउटच्या पिल्लांवर झालेल्या एका अभ्यासात 6 ते 12 टक्के भारानेही पोहण्यात फरक दिसला नव्हता. मग खरं काय?

पोहण्याच्या बोगद्यात आम्ही पाण्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचो, मासा थकून मागच्या जाळीला टेकेपर्यंत. टाके घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळीच लवकर थकायची. आठवड्याने मोठी पिल्लं बिनटॅगच्यांच्या बरोबरीला आली, लहान मागेच राहिली. पण ती मोठी बरोबरीला आली यावरही माझा फारसा भरवसा नाही. बोगद्यात दम मोजला जातो. नदीत पिल्लू बरंचसं प्रवाहाबरोबर वाहतच जातं. त्याला जीव तोडून पोहावं लागतं ते बास, म्हणजे पिल्लं खाणारा शिकारी मासा, मागे लागला तर, दोन-तीन सेकंद. ती उसळी आम्ही मोजलीच नाही.

वजनाचा दुसरा परिणाम तर बोगद्यात दिसतच नाही. टॅगने मासा जड झाला की तो वर येऊन हवा गिळतो आणि हवेची पिशवी फुगवून तोल सावरतो. वर येणं म्हणजे पाणपक्ष्यांच्या चोचीजवळ येणं. शिवाय धरणाच्या टर्बाइनमधून जाताना दाब क्षणात उतरतो आणि पिशवीतली हवा फुगते. जितकी हवा जास्त, तितकी आतली फाटाफूट जास्त. स्नेक आणि ती जिला मिळते ती कोलंबिया नदी मिळून समुद्रापर्यंत अशी आठ धरणं. खाली कोलंबियाच्या मुखाजवळ ईस्ट सँड बेटावर पक्ष्यांची वसाहत आहे, तिथल्या वाळूत यंत्र फिरवलं की पिट टॅगचे नंबर निघतात. मासे अर्थातच नसतात.

जूनपासून आम्ही आवाजाचाच, पण इंजेक्शनचा टॅग वापरला. पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने काढलेला, 15 मिलिमीटर लांब, 0.2 ग्रॅमच्या जरासा वर. छेद जेमतेम तीन मिलिमीटरचा, टाके नाहीत. फरक पहिल्याच आठवड्यात जाणवला: पिल्लं बादलीत लवकर सरळ होत होती, आणि टाक्याभोवतीची लाली हा विषयच संपला. पैसे असतील तर हाच घ्या. पण हाही आठ ग्रॅमच्या पिल्लात अडीच टक्क्यांच्या वर जातोच.

म्हणून आम्ही 95 मिलिमीटरपेक्षा लहान पिल्लं बाजूला काढत होतो. नियमाप्रमाणे बरोबरच. मात्र हंगामाअखेरच्या आलेखात जी पिल्लं सुखरूप खाली पोचलेली दिसतात, त्यांत ती बाजूला काढलेली लहानं कुठेच नाहीत, आणि आलेखाखाली तसं लिहायचं कोणाला सुचत नाही. या वर्षी मी ती ओळ स्वतः टाकली. पुढच्या हंगामात लहानांना फक्त पिट टॅग घालणार आहे.