जुनी स्ट्रॅटोकास्टर: १९६५ च्या आधीची की सत्तरच्या दशकातली?

जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने गिटार बनवणारी फेंडर कंपनी घेतली आणि तिच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या जुन्या नगांच्या बाजारात तीच सीमारेषा ठरली. त्याआधीची गिटार संग्राहकाची, सत्तरची वाजवणाऱ्याची, असं ढोबळमानाने म्हणतात. ढोबळच, कारण भाव ठरतो तो मूळ रंगावर आणि मूळ सुट्या भागांवर. १९६३ ची अस्सल, पण पुन्हा रंगवलेली गिटार साधारण निम्म्या किमतीत मिळते. लाकूड तेच, पिकअप (तारांची कंपनं पकडणारी चुंबकी गुंडाळी) तेच. फक्त वाजवायचीच असेल तर याहून चांगला सौदा नाही.

१९६५ च्या आधीची घेताना गिटार उघडूनच बघा. नेक (गिटारची मान) काढला की तिच्या बुडाशी तारीख सापडते. १९६२ च्या सुमारापर्यंत पेन्सिलीने लिहिलेली, नंतर शिक्का. मग पिकगार्ड (बॉडीवरची पातळ पट्टी) उचलून पॉटवरचा, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागावरचा, आकडा वाचा. ३०४६३२० असेल तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनीचा पॉट, ६३ म्हणजे १९६३ साल, २० म्हणजे २० वा आठवडा. पॉट नेकपेक्षा काही महिने जुना असला तर ठीक. बराच नवा निघाला तर तो नंतर बसवलेला. डाख ताजा, चकचकीत दिसला तरी शंका घ्या. मल्टिमीटरवर प्रत्येक पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवतो. सर्किट उघडं दाखवलं तर आतली बारीक तार तुटली आहे. तार नव्याने गुंडाळून (रिवाइंड) वाजेल, पण किंमत पडेल. विक्रेता स्क्रू काढू देत नसेल तर तिथूनच रामराम.

सत्तरच्या गिटारींत १९७१ पासून नेक तीन स्क्रूंवर आला आणि उगाच बदनाम झाला. खरा दोष बॉडीतल्या सैल खाचेचा. नेक हलकेच आडवा ढकला. सरकला आणि पहिली तार फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) टोकावरून घसरू लागली, तर पुढची गिटार बघा. वजनही करून घ्या, ॲश लाकडाची बॉडी असेल तर ४ किलोच्या वर सहज जाते. फायदा एक: ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी आतली सळई) हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांच्या, बाजूने फिरतो. जुन्यांत त्यासाठी नेक सैल करावा लागतो.

परदेशातून मागवताना फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं ठेवायची पट्टी) पाहा. साठच्या दशकाच्या सुरुवातीचा रोजवुड बहुधा ब्राझीलचा असतो, आणि तो १९९२ पासून साइटिसच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट १ मध्ये आहे. कागदपत्रांशिवाय आलेली गिटार कस्टम्समध्ये अडकू शकते. मेपल फिंगरबोर्डला ही अडचण नाही.