रिसेलर होस्टिंग बदलायचंय? सोलापूरच्या कामाच्या हिशेबाने चार पर्यायांची तुलना

एप्रिल म्हणजे सोलापुरात शाळेच्या गणवेशांच्या ऑर्डरचा हंगाम. दोन वर्षांपूर्वी त्याच महिन्यात, एका शनिवारी संध्याकाळी, माझ्याकडे होस्ट केलेल्या ३८ च्या ३८ वेबसाइट्स एकदम बंद पडल्या. पहिला फोन अक्कलकोट रोडवरच्या एका गणवेश उत्पादकाचा. कॅटलॉग उघडत नाही म्हणून त्यांचे परराज्यातले व्यापारी खोळंबले होते. ज्याच्याकडून मी रिसेलर खातं (सर्व्हरवरची घाऊक जागा, जी आपण ग्राहकांना वाटून देतो) घेतलं होतं त्याचा फोन बंद. सोमवारी दुपारी कळलं, की तो स्वतःच दुसऱ्या एका कंपनीचा रिसेलर होता आणि त्याचं वरचं बिल थकलं होतं.

साइट्स मी माझ्या बॅकअपवरून तीन दिवसांत उभ्या केल्या. ईमेल मात्र परत आले नाहीत. चाटी गल्लीतल्या एका टॉवेल व्यापाऱ्यांचा सहा वर्षांचा पत्रव्यवहार गेला. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर नवी कंपनी शोधताना जे तपासलं ते इथे मांडतो. तुम्ही १५ ते ६० ग्राहकांच्या साइट्स सांभाळत असाल, एकटे किंवा एखाद्या मदतनिसासोबत, तर हे तुमच्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: दर आणि वेग शेवटी बघा. आधी दोनच गोष्टी बघा. तुमच्या आणि सर्व्हरच्या मधे किती जण बसले आहेत, आणि उद्या निघायची वेळ आली तर तुमच्यासोबत काय काय निघेल.

समोर असलेले पर्याय

पहिला, ओळखीतला मधला माणूस. पुण्याचा किंवा इथलाच कोणी, जो मोठ्या कंपनीकडून जागा घेऊन तुकडे पाडून विकतो. दुसरा, भारतीय होस्टिंग कंपनीचा रिसेलर प्लॅन, सर्व्हर बहुतेक वेळा मुंबईत. तिसरा, परदेशी कंपनीचा रिसेलर प्लॅन. चौथा, स्वतःचा व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा फक्त आपल्या ताब्यातला भाग) घेऊन त्यावर पॅनेल, म्हणजे साइट्स आणि मेल सांभाळायचं सॉफ्टवेअर, बसवणं.

पहिल्याबद्दल फार लिहीत नाही. माणूस भला असेल, रात्री फोन उचलतही असेल. पण त्याच्या हातात रूट ॲक्सेस, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण ताबा, नसतो. बिघाड झाला की तोही तुमच्यासारखंच तिकीट (लेखी तक्रार) टाकून वाट बघतो, फक्त तुमच्या तिकिटाला एक पायरी जास्त चढावी लागते. चार-पाच छोट्या साइट्स असतील तर चालेल. त्यापुढे नको.

अडचण अशी, की दुसऱ्या पर्यायाचं रूप घेऊनही पहिलाच समोर येतो. चकचकीत संकेतस्थळ, चोवीस तास चॅट, आणि मागे एकटा माणूस. ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी करतो. त्यांच्या सर्व्हरचा आयपी पत्ता व्हूइजमध्ये (पत्ता कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारी नोंदवही) टाकून तो कोणत्या नेटवर्कचा आहे ते पाहतो आणि ‘सर्व्हर तुमचा की भाड्याचा, कोणत्या डेटा सेंटरमध्ये’ असं थेट विचारतो. भाड्याचा असणं हा दोष नाही, उत्तर टाळणं हा दोष आहे. मग रूटशिवाय होऊच शकणार नाही असं एखादं काम सांगतो, उदाहरणार्थ पीएचपीचं एखादं एक्स्टेंशन सर्व्हरवर बसवणं, आणि किती वेळ लागतो ते मोजतो. आणि पैसे भरण्याआधीच शनिवारी रात्री अकराला एक तांत्रिक प्रश्न पाठवतो. विक्री विभागाचं उत्तर पाच मिनिटांत येतं. मला हवं असतं सपोर्टचं.

नावांच्या बाबतीतही एक लक्षात ठेवा. रिसेलरक्लब आणि बिगरॉक ही मूळची मुंबईच्या डायरेक्टी समूहाची नावं. २०१४ मध्ये ती एंड्युरन्स इंटरनॅशनलकडे गेली. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर त्याआधीच त्या समूहात होते, आणि २०२१ मध्ये त्यातून न्यूफोल्ड डिजिटल तयार झालं. म्हणजे चार नावांची तुलना करताना आपण एकाच मालकाची तुलना करत असू शकतो. ‘एकीकडे बिघडलं तर दुसरीकडे जाऊ’ असा विचार करून दोन ठिकाणी साइट्स वाटणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

भारतीय की परदेशी

माझे ग्राहक आणि त्यांचे ग्राहक बहुतांश महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटरवर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे अगदी सरळ तार असती तरी जाऊन यायला सव्वाशे मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. वाचण्यापुरती साइट असेल तर सीडीएन (जवळच्या सर्व्हरवरून पानांच्या प्रती देणारी सेवा) लावून हे झाकता येतं, पण बुकिंग किंवा ऑर्डर घेणाऱ्या साइटला ते पुरत नाही. शिवाय तांबड्या समुद्रातल्या केबल्स २०२४ च्या सुरुवातीला आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये तुटल्या. युरोपकडे जाणाऱ्या वाहतुकीला अशा वेळी वळसे घ्यावे लागतात.

यापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो पैशाचा मार्ग. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना ई-मँडेट (कार्डधारकाने आधी नोंदवलेली परवानगी) लागतं. सुरुवातीला ५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी न देता पैसे जायचे, जून २०२२ मध्ये ती मर्यादा १५,००० झाली. परदेशी कंपनीची व्यवस्था याला जोडलेली नसेल तर दर महिन्याचं बिल गुपचूप फेल होतं. साध्या ग्राहकाची एक साइट बंद पडते, रिसेलरच्या सगळ्या पडतात. परदेशी प्लॅन घ्यायचाच असेल तर खात्यात आधीच रक्कम जमा ठेवता येते का ते विचारा.

जीएसटीचंही तसंच. भारतीय कंपनी १८ टक्के लावते, पण तुमचा जीएसटी क्रमांक घालून बिल देते आणि तुम्ही नोंदणीकृत असाल तर तो वजा मिळतो. परदेशातून सेवा घेतली तर नोंदणीकृत व्यावसायिकाला रिव्हर्स चार्जने कर स्वतः भरावा लागतो. मिळतो तोही परत, पण हिशेबाचं काम वाढतं. तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्या.

परदेशी कंपन्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्यांच्या मर्यादा बहुधा स्पष्ट लिहिलेल्या असतात आणि बिघाडाची माहिती जाहीर पानावर लगेच येते. भारतीय कंपन्यांपैकी ज्या हे करतात त्यांनाच मी यादीत ठेवलं.

‘अमर्याद’ या शब्दाचं काय करायचं

सीपॅनेल या प्रचलित होस्टिंग पॅनेलने २०१९ मध्ये परवान्याची पद्धत बदलली. तेव्हापासून सर्व्हरवर जितकी खाती तितका खर्च, आणि दर पुढेही वाढत गेले. म्हणजे तुम्ही उघडलेल्या प्रत्येक खात्यामागे कंपनीला पैसे मोजावे लागतात. असं असताना कोणी चहा-नाश्त्याच्या खर्चात ‘अमर्याद खाती’ देत असेल तर तो खर्च कुठून भरून काढतो, हे विचारायला हवं. बहुधा सर्व्हरमध्ये माणसं कोंबून. मला ३० किंवा ५० खाती असं आकड्यात लिहून देणारी कंपनी जास्त प्रामाणिक वाटते. डायरेक्टॲडमिन वापरणाऱ्या कंपन्या स्वस्त पडू शकतात आणि ते पॅनेल चांगलंही आहे. फक्त सीपॅनेलवरून तिथे जाताना ईमेल आणि क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) नीट उतरले का, हे एकेक करून तपासावं लागतं.

आकडे मागायचेच तर हे मागा: प्रत्येक खात्याला सीपीयू किती, रॅम किती, एंट्री प्रोसेस किती, आयनोड (म्हणजे फायलींची संख्या) किती. क्लाउडलिनक्स ही होस्टिंगसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या सर्व्हरवर हे बांधलेलं असतं, आणि ते असणं तुमच्याच फायद्याचं आहे, कारण शेजारच्याची साइट हॅक झाली तरी तुमच्या साइट्स तगतात. एंट्री प्रोसेस २० म्हणजे २० पाहुणे नव्हेत, एकाच क्षणी चालणाऱ्या २० विनंत्या. दुकानाच्या साध्या साइटला त्या भरपूर झाल्या. पण आषाढीच्या आठवड्यात पंढरपूरच्या लॉजची बुकिंग साइट त्यावर गेली की ५०८ एरर (मर्यादा संपल्याचा) दिसतो. अशा एक-दोन साइट्ससाठी मर्यादा तात्पुरती वाढवून देतात का, हे लेखी घ्या. मुंबईतल्या दोन कंपन्यांमधली माझी निवड याच उत्तरावर ठरली.

आणि सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे तेही विचारा. सेंटओएस ७ चा अधिकृत आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, ३० जून २०२४ ला संपला. अजून त्यावरच असतील तर चर्चा तिथेच थांबवा.

बॅकअप आणि ईमेल, जिथे खरं नुकसान होतं

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत जळून गेली आणि अनेकांचा डेटा कायमचा गेला. काहींचे बॅकअपही त्याच आवारात होते. म्हणून ‘रोज बॅकअप होतो’ हे अर्धंच उत्तर. तो कुठे ठेवला जातो, किती दिवसांचा राहतो, आणि तुम्ही स्वतः, तिकीट न टाकता, एखाद्या ग्राहकाचा फक्त डेटाबेस किंवा फक्त एक मेलबॉक्स परत आणू शकता का? जेटबॅकअपसारखी सोय असेल तर आणता येतो. चाचणीच्या काळात एक खोटी साइट बनवा, तिचं एक टेबल उडवा, दहा मेल पुसा आणि स्वतः परत आणून दाखवा. ज्या कंपनीत हे जमलं नाही ती मी सोडून दिली, बाकी सगळं उत्तम असूनही.

स्वतःचा बॅकअप वेगळ्या कंपनीच्या साठवणीत हवाच. मी दर रविवारी घेतो, त्यात आता मेलबॉक्सही असतात. मात्र पूर्ण सीपॅनेल बॅकअप परत बसवायला बहुधा नव्या कंपनीचाच हात लागतो, तेव्हा ‘स्थलांतर फुकट, पण किती खात्यांचं?’ हा प्रश्न आधी विचारून ठेवा.

ईमेलमध्ये सगळ्यात मोठा फरक चौथ्या पर्यायात पडतो. स्वतःचा व्हीपीएस ऐकायला छान वाटतो: पूर्ण ताबा, हेस्टियासारखं मोफत पॅनेल, मधे कोणी नाही. पण बऱ्याच क्लाउड कंपन्या बाहेर मेल पाठवायचं पोर्ट २५ बंद ठेवतात. ते उघडून मिळालं तरी नव्या आयपीची पत तयार व्हायला वेळ लागतो आणि तोवर कोटेशन स्पॅममध्ये. मेल बाहेरच्या सेवेतून पाठवायची तयारी असेल तरच इकडे वळा. सुरक्षेचं ओझंही तुमचंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेलमधली त्रुटी वापरून हजारो सर्व्हरवर खंडणीचा हल्ला झाला. त्या रात्री पॅच लावायला जागं कोण राहणार होतं? ज्याच्याकडे लिनक्स येणारा माणूस आहे त्याने हा मार्ग जरूर घ्यावा. मी लग्नसराईत चार दिवस गावाला जातो, म्हणून मी घेतला नाही.

रिसेलर प्लॅनमध्ये उलटा धोका: आयपी सगळ्यांचा एकच, शेजाऱ्याने स्पॅम पाठवलं की तुमचेही मेल अडतात. बाहेर जाणारे मेल गाळून सोडणारी व्यवस्था आहे का, हे विचारा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून आला हे दाखवणाऱ्या नोंदी) प्रत्येक डोमेनला लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत.

अपटाइमबद्दल थोडक्यात: ९९.९ टक्के म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद चालेल. त्याहून जास्त बंद राहिलं तर भरपाई म्हणून भाड्याचा एखादा हिस्सा मिळतो, ग्राहकाची गेलेली ऑर्डर नाही. आकड्यापेक्षा मागच्या सहा महिन्यांचं स्टेटस पान वाचा.

निघायची वाट

डोमेन होस्टिंगच्या कंपनीत ठेवू नका. वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे), आणि ग्राहकाच्याच नावावर. डॉट कॉम नुकतं घेतलं किंवा हलवलं असेल तर ६० दिवस सहसा हलवता येत नाही, आणि भांडण नेमकं त्याच काळात होतं. स्वतःच्या नावाचे नेमसर्व्हर (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारे) करून घ्या. सगळ्या ग्राहकांची डोमेन्स तुमच्याच नेमसर्व्हरकडे वळलेली असतील तर कंपनी बदलताना एकाच ठिकाणी आयपी बदलायचा असतो. नाहीतर ३८ ग्राहकांकडून ३८ ओटीपी मागत फिरावं लागतं. मी फिरलो आहे. नवी पेठेपासून चिंचोळी एमआयडीसीपर्यंत.

मी शेवटी दुसरा पर्याय घेतला: मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर असलेली भारतीय कंपनी, ४० खाती, पहिले तीन महिने मासिक बिल. वार्षिक घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं, पण त्या तीन महिन्यांत मला दोनदा सपोर्टची गरज लागली आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात माणूस बोलला. मगच वर्षाचे भरले, आणि भरण्याआधी नूतनीकरणाचा दर मेलवर लिहून घेतला.

तुमच्याकडे पाचच साइट्स असतील तर रिसेलर प्लॅन घेऊच नका, ग्राहकाच्या नावाने साधं होस्टिंग घ्या. ग्राहक दुबई किंवा अमेरिकेत माल पाठवणारा निर्यातदार असेल आणि साइट तिकडेच पाहिली जात असेल, तर त्या एका साइटसाठी परदेशी सर्व्हर योग्य.

हलवायचं ठरलं की दोन दिवस आधी टीटीएल (डोमेनचा जुना पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा. आधी स्वतःची साइट, मग ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येतं अशा दोन ग्राहकांच्या, आणि पंधरा दिवसांनी बाकीच्या. एप्रिल-मे, आषाढी आणि गड्ड्याचा (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा) आठवडा टाळा. जुनं खातं पुढचा एक महिना पैसे भरून चालू ठेवा, कारण काही मेल तोवर जुन्याच सर्व्हरवर उतरत राहतात. ते मी आयमॅप सिंकने (एका मेलबॉक्सची दुसऱ्यात नक्कल करणाऱ्या साधनाने) रोज रात्री नव्या मेलबॉक्समध्ये ओढून घेत होतो. टॉवेलवाल्यांचे सगळ्यात आधी.