नाशिकची वही की वाय गुणसूत्र?

बापाकडचं कूळ शोधायचं तर वाटा दोन. एक म्हणजे ठाण्याहून सकाळची गाडी पकडून नाशिक गाठायचं आणि तीर्थोपाध्यायांची वंशावळीची वही उघडायची. आजोबा, पणजोबा, मूळ गाव, नशीब असेल तर मोडीतली सहीसुद्धा. पण वही नावांवर चालते. दत्तक मुलगाही तिथे मुलगाच. (तो असतोच म्हणा.)

दुसरी वाट, गालाच्या आतून फिरवलेला बोळा प्रयोगशाळेत पाठवायचा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं; त्यात क्वचित पडणाऱ्या बदलांवरून शाखा ठरते. झेड९३ नावाची शाखा निघाली तर तिचे भाऊबंद मध्य आशियातही भेटतात. एच ही शाखा मात्र मुख्यतः आपल्या उपखंडातली. नाव एकही कळत नाही, आईकडची बाजू तर पूर्ण गायब.

टेंभी नाक्याच्या सिनेगॉगवरून जाताना हे हटकून आठवतं. बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी ज्यूंची, पेणकर, किहीमकर ही आडनावं कोकणातली गावं सांगतात. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात मात्र ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे दिसले, ज्यू वाटा मुख्यतः पुरुषांकडून आलेला. हे कुठल्या आडनावाने सांगितलं असतं?

तरी मी आधी वहीच बघेन. बोळा काय, कधीही पाठवता येतो.