जिल्हा उद्योग केंद्र : अर्ज एका ठिकाणी, निर्णय अनेक ठिकाणी

लहान उद्योग सुरू करणाऱ्याला जागा, कर्ज, यंत्रसामग्री आणि परवाने यांसाठी दारोदार हिंडावे लागू नये, या हेतूने १९७८ मध्ये देशभर जिल्हा उद्योग केंद्रांची योजना सुरू झाली. बचत गटातील महिलांचे कर्जप्रस्ताव तयार करण्यास मी मदत करते आणि त्या निमित्ताने या केंद्राच्या सेवेकडे जवळून पाहते. ही सेवा उपयुक्त आहे, यात मला शंका नाही. मात्र १९७८ चा मूळ हेतू अजून अर्धाच साध्य झाला आहे.

२०१९ मध्ये राज्याने आणलेला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम ही या सेवेची सर्वांत भक्कम बाजू होय. ग्रामीण भागातील महिलेने १० लाखांचा प्रकल्प मांडला, तर तिला स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ५० हजार रुपये उभे करावे लागतात. ३५ टक्के अनुदान सरकार देते आणि उरलेले ६ लाख बँकेचे कर्ज असते. अर्ज ऑनलाइन असल्याने तो कोणत्या टप्प्यावर आहे हे घरबसल्या कळते. अनुदान लगेच हातात पडत नाही, ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावरच कर्जखात्यात वळते होते. ही अट मला योग्य वाटते, पण केंद्रात ती पहिल्याच भेटीत आणि स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे, कारण ३५ टक्के रोख मिळतील असे समजून अनेक जणी यंत्रांची मागणी नोंदवून बसतात.

योजना एकत्र करण्याचा प्रयत्न केंद्र सरकारनेही केला. २००८ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना आणि ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रम यांचे विलीनीकरण करून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम तयार झाला. नियम एक झाले, परंतु अंमलबजावणी केंद्र सरकारचा खादी आयोग, राज्याचे खादी मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र अशा तिघांकडे राहिली. त्यातच राज्याचा कार्यक्रम आल्यापासून अर्ज कोणत्या योजनेत आणि कोणत्या यंत्रणेकडे करावा, हा प्रश्न अर्जदारापुढे उभा राहतो. छाननी समितीने शिफारस केली तरी कर्ज द्यायचे की नाही हे शेवटी बँकेची शाखाच ठरवते, आणि तिथे शिफारस झालेला प्रस्तावही पुन्हा पहिल्यापासून तपासला जातो.

माझा मुख्य आक्षेप याच ठिकाणी आहे. गटांच्या कामाची खरी माहिती उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडे आणि महिला आर्थिक विकास महामंडळाकडे (माविम) असते. उमेद ग्रामविकास विभागाखाली, माविम महिला व बालविकास विभागाखाली, तर उद्योग केंद्र उद्योग विभागाखाली येते. एखाद्या गटाने वर्षानुवर्षे अंतर्गत कर्जाची वेळेवर परतफेड केली असली, तरी त्याची नोंद वैयक्तिक कर्जप्रस्तावासोबत आपोआप पुढे जात नाही. त्या बाईची पत तिच्या गावात सर्वांना ठाऊक असते आणि तरीही शाखेत ती अनोळखी ठरते. ही कार्यालये बंद करून एकच मोठे खाते उभारावे, असे मी म्हणणार नाही, कारण गावपातळीवर वावरणाऱ्या कार्यकर्त्या उद्योग विभागाकडे नाहीत. गटाच्या परतफेडीची नोंद, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि प्रकल्प अहवाल हे तिन्ही एकाच अर्जात बँकेपर्यंत पोहोचावेत, एवढी जोडणी मात्र अत्यावश्यक आहे. उद्योगांना परवाने एकाच ठिकाणी मिळावेत यासाठी राज्याने उभारलेल्या मैत्री कक्षाच्या एक खिडकी व्यवस्थेला २०२३ च्या कायद्याने वैधानिक आधार मिळाला. मसाला कांडप किंवा शेवया यंत्र घेणाऱ्या महिलेच्या कर्जप्रस्तावावरील निर्णयालाही तशीच कायद्याने बांधील मुदत हवी.

तोपर्यंत अर्ज करणाऱ्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करून घ्यावी (ती विनाशुल्क आहे, त्यासाठी कोणत्याही मध्यस्थाला पैसे देऊ नयेत), ज्या शाखेत गटाचे खाते आहे तिचीच निवड अर्जात करावी आणि गटाच्या परतफेडीचा दाखला प्रस्तावाला स्वतःहून जोडावा.