मॅलॉक कोणते निवडावे? लिनक्स सर्व्हरसाठी चार अलोकेटरांची तुलना

मॅलॉक या मेमरी मिळवून देणाऱ्या फंक्शनला आपल्याला किती बाइट हवेत ते सांगायचे आणि त्याने जागेचा पत्ता द्यायचा, एवढाच सी भाषेच्या मानकातला करार आहे. ती जागा कोठून आणायची, फ्री या जोडीच्या फंक्शनने मोकळी केलेली जागा कोठे सांभाळून ठेवायची आणि ऑपरेटिंग सिस्टिमला ती कधी परत करायची, याविषयी मानक मौन पाळते. म्हणूनच या एकाच फंक्शनची अनेक मुक्तस्रोत रूपे, म्हणजेच अलोकेटर, शेजारी शेजारी नांदतात. ही तुलना लिनक्सवर अनेक थ्रेडांचा (एकाच प्रोग्रामात समांतर चालणाऱ्या धाग्यांचा), आठवडेच्या आठवडे बंद न होणारा सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. अशा सर्व्हरबाबत माझे मत असे की, वेगाचे आलेख बाजूला ठेवून आधी आपल्या प्रोग्रामची मेमरी का फुगते आहे हे पाहावे, कारण ग्लिबसी, जेमॅलॉक, टीसीमॅलॉक आणि मीमॅलॉक या चौघांमधला खरा फरक तेथेच उघड होतो.

बहुतेक लिनक्स वितरणांत ग्लिबसी या सी भाषेच्या मूळ लायब्ररीचा अलोकेटर आपोआप मिळतो. डग ली यांच्या अलोकेटरवरून वोल्फ्राम ग्लोगर यांनी पीटीमॅलॉक तयार केला आणि ग्लिबसीने तो स्वीकारला. थ्रेडांनी एकाच लॉकपाशी खोळंबू नये म्हणून तो मेमरीचे अनेक अरीना, म्हणजे स्वतंत्र साठे, करतो. ६४ बिट यंत्रावर त्यांची कमाल संख्या कोअरच्या आठपट असते आणि दुय्यम अरीनांसाठी ६४ एमबीचे पत्ते एकेका हीपला (अरीनातल्या सलग पट्ट्याला) राखून ठेवले जातात. पत्ते राखले म्हणजे मेमरी खर्च झाली असे नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे. टॉप या कमांडच्या व्हर्ट रकान्यातला (राखलेल्या पत्त्यांचा) आकडा पाहून घाबरणारे अनेक जण रेस रकाना (खरोखर व्यापलेली मेमरी) पाहायला विसरतात. मात्र खरी अडचणही आहे. अरीनाच्या टोकाशी एखादा लहानसा तुकडा जिवंत राहिला, तर त्याच्या खालची रिकामी जागा सहसा सिस्टिमला परत जात नाही, आणि अरीना जितके अधिक तितके असे अडून बसलेले तुकडे अधिक. २०१७ मध्ये २.२६ या आवृत्तीत प्रत्येक थ्रेडला स्वतःचा लहान कॅश (मोकळ्या तुकड्यांचा हाताशी ठेवलेला साठा) मिळाल्याने वेगाविषयीची जुनी तक्रार बरीचशी निवळली. विखंडनाची, म्हणजे अशा अडून राहिलेल्या विखुरलेल्या जागेची, तक्रार मात्र तशीच राहिली. म्हणून दुसरा अलोकेटर आणण्याआधी अरीनांची कमाल संख्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलने दोन किंवा चार इतकी खाली आणून पाहावी, अथवा कामाचा भर ओसरल्यावर मॅलॉक-ट्रिम हे फंक्शन बोलावून पाहावे. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते, आणि नवी लायब्ररी सांभाळण्याचे ओझे टळते.

जेमॅलॉकची भिस्त नेमकी या दुखण्यावर आहे. जेसन इव्हान्स यांचा हा अलोकेटर फ्रीबीएसडीमध्ये वाढला, पुढे फेसबुकने तो मोठ्या प्रमाणावर वापरला, आणि लिनक्सवरील रेडिस या डेटाबेससोबत तो आजही येतो. मागणीचा आकार तो ठरावीक वर्गांत बसवतो. प्रत्येक दुपटीत चार वर्ग असल्याने, अगदी लहान आकार वगळता, वर्गामुळे वाया जाणारी जागा साधारण २० टक्क्यांच्या आत राहते. वापरून रिकामी झालेली पाने (सिस्टिम ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत मेमरी देते ते तुकडे) तो सुमारे दहा सेकंदांच्या ओघात हळूहळू सिस्टिमला परत करतो. येथे एक मेख आहे: पाने परत करण्याचे हे काम एरवी मॅलॉक आणि फ्रीच्या हाकांच्या आधाराने चालते, त्यामुळे सर्व्हर निवांत बसला की मेमरीही तशीच अडकून राहते. पार्श्वभूमीतला थ्रेड सुरू करण्याचा पर्याय दिला की हे टळते. शिवाय प्रोफायलिंगसह बांधलेला जेमॅलॉक कोणत्या ओळीने किती मेमरी धरून ठेवली आहे हे चालू सर्व्हरवर दाखवू शकतो. माझ्या दृष्टीने त्याच्या बाजूने हे सर्वांत मोठे वजन आहे. विरुद्ध बाजूला, पानाचा आकार लायब्ररी बांधतानाच ठरत असल्यामुळे ४ केबी पानांसाठी बांधलेली प्रत ६४ केबी पाने वापरणाऱ्या आर्म यंत्रावर चालत नाही. तसेच मे २०२२ मधील ५.३.० नंतर प्रकाशन रेंगाळले आणि जून २०२५ मध्ये मूळ भांडार केवळ वाचनापुरते करण्यात आले. आज नव्याने निवड करणाऱ्याने पुढची देखभाल कोणाकडे आहे हे तपासल्याशिवाय पाऊल उचलू नये.

टीसीमॅलॉक या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि गोंधळ येथेच होतो. जीपर्फटूल्समधला जुना प्रत्येक थ्रेडला कॅश देतो आणि वितरणांच्या पॅकेजांत सहज सापडतो. गूगलने २०२० मध्ये खुला केलेला नवा कॅश कोअरनिहाय ठेवतो आणि त्यासाठी लिनक्स ४.१८ पासून आलेली आरसेक सोय (लॉकशिवाय कोअरनिहाय काम करू देणारी) वापरतो. कोअर सोळा आणि थ्रेड हजार असे चित्र असेल, तर कोअरनिहाय कॅशचा फायदा उघड आहे. पण हा नवा अलोकेटर बेझेल या बांधणीच्या साधनाने बांधून प्रोग्रामातच जोडून घेण्याच्या रीतीचा आहे. स्वतःचा सी प्लस प्लस कोड मुळापासून बांधणाऱ्यांखेरीज इतरांनी त्याच्या वाटेला न गेलेले बरे.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये डान लायेन यांनी लिहिलेला मीमॅलॉक २०१९ मध्ये खुला झाला. तो मुळात कोका आणि लीन या भाषांसाठी होता. त्यात प्रत्येक पानाला स्वतःची मोकळ्या जागांची यादी असते, आणि दुसऱ्या थ्रेडने फ्री केलेले तुकडे वेगळ्या यादीत जमा होतात. एक थ्रेड जागा मागतो आणि दुसरा ती मोकळी करतो अशा रांगांच्या रचनेत ही विभागणी विशेष उपयोगी पडते. कोड तुलनेने लहान असल्याने वाचून समजतो, परवाना एमआयटी आहे, आणि पायथन ३.१३ च्या जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारे लॉक) नसलेल्या बांधणीने तोच घेतला आहे. ग्लिबसीची मात्रा चालली नाही आणि प्रोफायलिंगची गरज नसेल, तर आज मी प्रथम मीमॅलॉक लावून पाहीन.

आल्पाइन या लहान लिनक्स वितरणात ग्लिबसीऐवजी असलेली मसल ही सी लायब्ररी हा वेगळा विषय आहे. तिचा २०२० पासूनचा अलोकेटर सुरक्षितता आणि काटकसर यांना प्राधान्य देतो, त्यामुळे थ्रेडांच्या गर्दीत तो मंदावतो. तेथे केवळ कंटेनरची प्रतिमा बदलल्यानेही सर्व्हर संथ होऊ शकतो.

चाचणीसाठी एलडी-प्रीलोड या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलने नवी लायब्ररी पुढे करणे पुरेसे असते, परंतु पूर्णपणे स्टॅटिक (सर्व लायब्ररी आतच जोडून) बांधलेल्या प्रोग्रामावर त्याचा परिणाम होत नाही. गो भाषेचा स्वतःचा अलोकेटर असल्याने गो कोडलाही त्याचा स्पर्श होत नाही, आणि जावाच्या हीपलाही नाही. खऱ्या रहदारीवर काही दिवस रेस रकान्यातला आकडा आणि सर्वांत संथ एक टक्का विनंत्यांचा वेळ नोंदवावा. त्याआधी प्रॉक निर्देशिकेतल्या त्या प्रक्रियेच्या मॅप्स फाइलमध्ये नव्या लायब्ररीचे नाव शोधावे, कारण लायब्ररीची वाट (पाथ) चुकीची लिहिली असेल तर लोडर, म्हणजे प्रोग्रामाला लायब्ररी जोडून देणारा घटक, एका ओळीची सूचना देऊन पुढे जातो आणि आपण ग्लिबसीचीच ग्लिबसीशी तुलना करत बसतो.